लाटीपासून पापडापर्यंत

पहाटे ४.३०

या वेळी मुंबईच्या उपनगरातल्या रस्त्यांवर दूधवाले असतात, पेपरवाले असतात आणि लिज्जतच्या बायका असतात. संस्थेची छोटी बस कोपऱ्यावर येते. शाल पांघरलेल्या सात-आठ जणी चढतात, पुढच्या नाक्यावर आणखी चार. ही पहिली फेरी पीठ मळणाऱ्या गटाची. लाटणाऱ्या बायका तासा-दोन तासांनी येतील, कालचे वाळलेले पापड डब्यात घेऊन.

बसमध्ये पगारी माणूस एकच, तो म्हणजे चालक. मागे बसलेल्या साऱ्या जणी मालकीण आहेत. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेत सुमारे ४५ हजार बायका काम करतात आणि संस्था त्यांचीच आहे. पुरुषाला इथे चालक, हिशेबनीस, दुकानातला मदतनीस म्हणून नोकरी मिळते, सभासदत्व मिळत नाही. अठरा वर्षांवरची कोणतीही बाई प्रतिज्ञापत्रावर सही करून सभासद होऊ शकते. तिची जात, धर्म, शिक्षण कोणी विचारत नाही. सभासद झाली की तिला ‘भगिनी’ म्हणतात. संस्थेची बोली मुळात गुजराती असल्यामुळे नावापुढे ‘बेन’ लागतं, आणि मराठी बायका एकमेकींना ताई-मावशीही म्हणतात.

मी इथे एका शाखेतल्या एका बाईचा दिवस लिहिते आहे. तिचं नाव देत नाही, कारण हा दिवस तिच्यासारख्या हजारोंचा आहे. आणि दिवसच का लिहायचा, तर ही संस्था समजून घ्यायला वर्षभराचा ताळेबंद फारसा कामाला येत नाही. तिचं सारं काम चोवीस तासांत उघडतं आणि चोवीस तासांत मिटतं.

पहाटे ५.३०

सर्वधर्म प्रार्थना होते आणि मळणी सुरू होते. उडदाचं पीठ, मीठ, मिरी, हिंग, पापडखार. घरी पापड केलेल्या बाईला माहीत असतं की यातलं एक प्रमाण चुकलं तरी पापड हातातून जातो. खार जास्त झाला की तळताना लाल होतो, पाणी जास्त झालं की लाटी चिकटते, कमी झालं की कडा फाटतात. पीठ घट्ट हवं, आणि घट्ट पीठ मऊ करायला जोर लागतो. मग त्याची लांब वळी करून लाट्या पाडायच्या. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत तेलात बुडवून चोरून खाल्लेली ती लाटी. इथे मात्र तिचं वजन होतं आणि वहीत नोंद होते.

हे पीठ शाखेने बाजारातून आणलेलं नसतं. उडीद म्यानमारमधून येतो, हिंग अफगाणिस्तानातून, मिरी केरळातून. दळण वाशी आणि नाशिकच्या गिरण्यांत होतं आणि तिथून सगळ्या शाखांना एकसारखं पीठ जातं. कोणी म्हणेल, कष्टकऱ्यांची मालकी असलेल्या संस्थेत शाखेला पीठसुद्धा निवडता येऊ नये? मला हा नियम योग्य वाटतो. डाळ बदलली की पापड बदलतो, आणि एका शाखेच्या बेचव पापडाची किंमत उरलेल्या सगळ्या शाखांना मोजावी लागते, कारण पाकिटावरचं नाव एकच असतं. म्हणून चव सर्वांनी मिळून एकदा ठरवली आणि एकीच्या हाती ठेवली नाही. माणसं, काम, शिस्त, नफा-तोटा यांचा कारभार शाखेकडे राहिला. लोकशाहीत काय मतावर सोडायचं नाही हेही एकदा मतानेच ठरवावं लागतं, आणि या बायकांनी ते फार लवकर ठरवलं.

सकाळी ६.३०

आता आपली बाई येते. हातात पापडांचा डबा, पदर खोचलेला. पुढे पंधरा-वीस जणींची रांग. रांगेच्या टोकाला टेबल, टेबलावर वजनकाटा, काट्यामागे तिच्यासारखीच एक भगिनी.

या काट्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण संस्थेची खरी सभा रोज इथे भरते.

काट्यामागची बाई आधी पापड हातात घेते. वाकवून पाहते. नीट वाळलेला पापड कडक लागतो, ओलसर पापड लवतो. आकार बघते, कड बघते, मधे जाड आणि कडेला पातळ असं काही झालंय का ते उजेडात धरून बघते. मग वजन. काल किती लाटी नेली याची नोंद वहीत आहे. ओलावा गेल्यावर किती पापड परत यायला हवा याचा अंदाज सगळ्यांना पाठ आहे. त्यापेक्षा वजन जास्त भरलं तर पापड ओला, फार कमी भरलं तर लाटी कुठे गेली असा प्रश्न. पापड पसंत पडला नाही तर तो घेतला जात नाही.

कुठल्याही कारखान्यात तपासणीचं हे काम मुकादम करतो, आणि मुकादमाशी कामगाराचं वाकडं असतं ते इथूनच. मुकादम मालकाचा माणूस असतो. इथे तपासणारी आणि तपासून घेणारी, दोघी एकाच पोळपाटावरून उठून आलेल्या. शाखेची प्रमुख, जिला संचालिका म्हणतात, तीसुद्धा भगिनींमधूनच निवडलेली असते. कधी काळी तिचाही डबा या काट्यावर चढलेला असतो. त्यामुळे ‘हा घेता येणार नाही’ असं ऐकताना त्रास होतो, पण अपमान होत नाही. आणि पटलं नाही तर सगळ्यांसमोर, रांगेतच विचारता येतं, ‘का नाही? काय झालंय त्याला?’ उत्तरही सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

एवढी कडक तपासणी बायका मान्य का करतात? शाखेचा नफा शाखेतल्या सगळ्या भगिनींत वाटला जातो, आणि तोटाही. शेजारणीचा ओला पापड पाकिटात गेला, बुरशी धरून परत आला, तर ते पैसे तिच्या एकटीचे जात नाहीत. म्हणून शेजारीणच म्हणते, ‘ताई, आजचा नको देऊस, उन्हात अजून एकदा ठेव.’ मालकाच्या भीतीपोटी राखलेला दर्जा मालकाची पाठ वळली की घसरतो. या टेबलापाशी पाठ वळवणारं कोणीच नसतं.

वजन झालं की मेहनताना. त्याला इथे ‘वणई’ म्हणतात, गुजरातीत ‘वणवुं’ म्हणजे लाटणं, त्यावरून. जेवढं लाटलं तेवढे पैसे, आणि रोजचे रोज. घरात नवऱ्याच्या हाती महिन्याचा पगार आणि बाईच्या हाती रोजचे पैसे, या दोहोंत मोठा फरक आहे. रोजच्या पैशातून दूध, भाजी, मुलाची वही निघते आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मग ती नव्या लाट्या डब्यात घेते, वहीत आकडा लिहिला जातो, ती सही करते.

सकाळी ८.००

परतीच्या वाटेवर तिच्या शेजारी एखादी नवी मुलगी असते. नव्या मुलीला जुन्या बायका सुरुवातीची गोष्ट सांगतात, ती अशी.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड करायला जमल्या. जवळ पैसे नव्हते. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटके पापड शेजाऱ्यांना वाटले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली, नव्वदी ओलांडल्यावर, पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट पुष्कळदा छापून आली आहे, पण छापताना त्यातला एक भाग नेहमी मागे राहतो. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, म्हणाले की एकच प्रत करा, चांगली, आणि तिच्याशी तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवा असंही ते सांगत राहिले. धर्मादाय कामासारखी ही संस्था चालवू नका, धंद्यासारखी चालवा, हा त्या सल्ल्याचा गाभा होता. देणगी घ्यायची नाही हे संस्थेचं धोरणही त्याच वळणाचं. दयेपोटी घेतलेल्या पापडाला उद्या गिऱ्हाईक राहत नाही, आणि दान देणारा माणूस आज ना उद्या कारभारात बोट घालतो.

सकाळी ९.३०

शाखेत आता पाकिटं भरणाऱ्या बायकांचा गट बसलेला आहे. पापड वजन करून पाकिटात, पाकीट बंद, पाकिटं खोक्यात, खोकी वितरकाकडे. वितरक माल रोखीने उचलतो.

या रोखीच्या व्यवहारात माझ्या मते संस्थेच्या यशाचं अर्धं उत्तर आहे. काल सकाळी लाटी गेली, आज सकाळी पापड आला, आजच पाकिटात गेला आणि त्याचे पैसे फिरले. भांडवल पडून राहत नाही. कष्टकऱ्यांच्या मालकीच्या उद्योगाचा जीव बहुतेक वेळा इथेच गुदमरतो. याच मुंबईत, कुर्ल्याला, बंद पडलेला कमानी ट्यूब्ज हा कारखाना कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८८ साली स्वतःकडे घेतला आणि चालवून दाखवला. देशभर त्याचं कौतुक झालं. कामगारांची निष्ठा कमी नव्हती, कौशल्य तर मुळीच कमी नव्हतं. पण धातूच्या नळ्या करायला महागडा कच्चा माल लागतो, तो आणायला खेळतं भांडवल लागतं, आणि ते उभं करता करता पुढच्या काही वर्षांत कारखाना दमला. मालक नाहीसा करता येतो, पण बँकेचा आणि बाजाराचा दरवाजा चुकवता येत नाही. लिज्जतच्या बायकांनी पोळपाट-लाटण्याचा धंदा निवडला आणि उधारी जवळपास वगळली, त्यामुळे त्यांना त्या दरवाज्याशी फार ताटकळावं लागलं नाही. २०१९ च्या सुमारास संस्थेची उलाढाल १,६०० कोटी रुपयांच्या घरात पोचली होती, आणि तिच्या मुळाशी हा एका दिवसाचा फेरा आहे.

सगळंच जमलं असंही नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला, नंतर सांगलीचाही फसला. आगपेट्या, अगरबत्ती असे उद्योग काढून पाहिले आणि न चालल्यावर बंद केले. अपयश आलं तेव्हा ते एका कोपऱ्यात राहिलं, सगळी संस्था त्यात ओढली गेली नाही.

सकाळी ११.००

घर. स्वयंपाक उरकलेला, मुलं शाळेत. तिने फरशी पुसून पोळपाट मांडला आहे. घर स्वच्छ असणं ही इथे कामाची अट आहे. ज्यांच्या घरात जागा नाही, वाळवायला सोय नाही, त्या शाखेत मळणीला किंवा पाकिटांना बसतात. काम कोणालाही नाकारायचं नाही, पण पापडाला धूळ लागू द्यायची नाही, यातून निघालेली ही वाट आहे.

लाटी पोळपाटावर ठेवायची, हलकासा तेलाचा हात, दोन फेरे सरळ, मग पोळपाटाबरोबर पापड फिरत राहतो आणि लाटणं कडेकडेने जातं. सरावलेल्या हाताखाली पापड आपोआप गोल होत जातो. शंभरावा पापड पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. खांदे भरून येतात, कंबर धरते. संस्थेचं मला कितीही कौतुक असलं तरी पापड लाटणं हे कष्टाचं काम आहे आणि दरवर्षी त्याच पाठीवर पडतं, हे विसरून लिहिता येणार नाही.

मग यंत्र का नाही? पापड लाटणारी यंत्रं बाजारात कधीची आली आहेत. एखाद्या कंपनीच्या मालकाने ती दुसऱ्याच दिवशी बसवली असती, कारण त्याच्या लेखी वणई हा खर्च आहे. इथे वणई हाच मालकिणीचा घास आहे. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्याच हातचं काम यंत्र घेणार होतं, म्हणून लाटणं हातातच राहिलं. गिरण्या आल्या, छपाई आली, पाकिटांचं साहित्य संस्था स्वतः करू लागली, पण पोळपाटापर्यंत यंत्र येऊ दिलं नाही.

दुपारी १.००

चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, वाडीतल्या मोकळ्या जागेत उपड्या टोपल्यांवर पापड. ऊन असेल तर तासाभरात कडक. पावसाळ्यात मात्र सगळा जीव आभाळाकडे.

पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम बंद पाडलं होतं. दुसऱ्या वर्षी त्या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. इतकं साधं उत्तर सापडलं, कारण ते शोधणारीच्या चुलीचा प्रश्न त्यात होता.

दुपारी ३.००

शाखेची सभा असेल त्या दिवशी बायका पुन्हा जमतात. सतरंजीवर बसतात. नफा किती झाला, तो कसा वाटायचा, नवी जागा घ्यायची का, बस कुठल्या रस्त्याने न्यायची.

नियम असा आहे की निर्णय सर्वानुमते घ्यायचा, आणि एकाही भगिनीला तो अडवण्याचा अधिकार आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे चालूच शकणार नाही असं वाटलं होतं. शंभर जणींत एक जण नेहमीच अडून बसेल. पण विचार करता लक्षात आलं की या नियमाचं काम सभेच्या आधी सुरू होतं. एकटी बाई गाडी थांबवू शकते हे माहीत असलं की तिच्याशी आधीच बोलावं लागतं. तिला काय खुपतं ते रांगेत, बसमध्ये, पाकिटं भरताना विचारून घ्यावं लागतं. बहुमताच्या सभेत ४९ जणींना न विचारता पुढे जाता येतं, इथे एकीलाही सोडता येत नाही. वेळ जास्त जातो हे खरं. तो वेळ देण्यासारखा आहे, असं मला वाटतं.

नफ्याच्या वाटपाचा नियमही तितकाच स्पष्ट आहे. मळणारी, लाटणारी, पाकीट भरणारी, संचालिका, सगळ्यांना सारखा वाटा. पूर्वी हा नफा पुष्कळदा सोन्याच्या रूपाने दिला गेला. बाईच्या अंगावरच्या सोन्याला घरातला माणूस सहज हात लावत नाही, हे ठरवणाऱ्या बायकांना चांगलं ठाऊक होतं.

या सगळ्यांवर २१ भगिनींची मध्यवर्ती समिती असते. दूरच्या शाखेतल्या नव्या बाईचा आवाज तिथपर्यंत किती पोचतो, हा प्रश्न ४५ हजारांच्या कुठल्याही संस्थेला विचारायलाच हवा, लिज्जतलाही. शाखेच्या सतरंजीवर जी लोकशाही डोळ्यांना दिसते ती एवढ्या अंतरावर तशीच राहणं अवघड असतं. ‘लिज्जत पत्रिका’ हे मासिक शाखाशाखांत जातं, त्याने हे अंतर थोडं कमी होतं.

सहकार म्हटलं की महाराष्ट्राला आधी साखर कारखाना आठवतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचं गाळप १९५० साली सुरू झालं, आणि शेतकऱ्याला त्याने जे दिलं ते मोठंच आहे. पण त्या कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा आहे. बीडहून, पाथर्डीहून मुकादमाची उचल घेऊन येणारं, थंडीत कोयता चालवणारं जोडपं त्याचं सभासद नाही. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही. लिज्जत कागदोपत्री सहकारी संस्था नाहीच. १९६६ साली तिची नोंदणी सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून झाली आणि त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. तरी ज्याचे हात कामाला लागतात त्याचाच हात सभेत वर होतो, ही सहकाराची खूण तिच्याकडे आहे आणि सहकाराचा शिक्का असलेल्या कितीतरी संस्थांकडे नाही.

संध्याकाळी ५.३०

ऊन उतरलं. ती पापड उचलते, एकावर एक रचते, एखादा वाकवून बघते. दोन-तीन बाजूला काढते. ते उद्या काट्यावर टिकणार नाहीत हे तिला आत्ताच कळतं. मुलगी शाळेतून आली की तिच्या हातात ते भाजून पडतात.

रात्री ९.००

जेवणं झाली. डबा दाराजवळ ठेवलेला, वर धुतलेलं फडकं. हाताला उडदाचा आणि हिंगाचा वास राहतोच, साबणाने जात नाही. आज किती लाटलं, उद्या किती मिळतील, याचा हिशेब ती मनात करते. तो बरोबर येतो, कारण दर तिला माहीत आहे, काटा तिने पाहिलेला आहे आणि वही तिच्यासमोर लिहिली गेली आहे.

सहकाराचे वर्ग आणि शिबिरं घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. पोटनियमांची पुस्तिका उघडण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा जवळच्या शाखेत सकाळी साडेसहाला घेऊन जा. रांगेच्या बाजूला, काटा नीट दिसेल अशा जागी त्यांना उभं करा, आणि तासभर त्यांना काही सांगू नका.